रेकॉर्डिंगचा इंटरफेस तापतो, वेगळा पंखा लावावा का?

पानउलटी

नमस्कार मंडळी. मी घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, एका बैठकीला दीड-दोन तास. सामान थोडकंच आहे. दोन चॅनेलचा इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात नेणारी पेटी), यूएसबीवरच चालणारा, पेटी धातूची. एक कंडेन्सर माईक, त्यामुळे त्याला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण कायम चालू. आणि एक छोटा ट्यूब प्रीअँप (माईकचा आवाज वाढवणारा, काचेच्या ट्यूबवर चालणारा), तो टेबलावर जागा नाही म्हणून इंटरफेसच्या खाली ठेवलाय, म्हणजे इंटरफेस त्याच्या डोक्यावर. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज माईकमध्ये यायचा, म्हणून लॅपटॉपसाठी एक लाकडी खोकं करून घेतलं: आतून फोम, वर झाकण, वायरींपुरतं भोक. स्क्रीन आणि कीबोर्ड वेगळे बाहेर. खोली म्हणजे खरं तर सामानाची खोली, दोन बाय दोन मीटरची. भिंतींना रजया टांगल्यात आणि वाचताना दार बंद असतं.

आता अडचण. तासाभराने इंटरफेस असा तापतो की वर ठेवलेला हात आपोआप मागे येतो. आणि साधारण त्याच सुमाराला रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टक्' असा आवाज येतो. वाक्याच्या ऐन मध्यात, जिथे कापून जोडताही येत नाही अशा जागी. पहिल्या अर्ध्या तासात कधीच येत नाही. तेव्हा माझा संशय सरळ इंटरफेसवर आहे.

ओळखीच्या एकाने छातीठोकपणे सांगितलं, यूएसबीवर चालणारा छोटा पंखा आण आणि त्याच्यावर रोखून ठेव. आणला. इंटरफेस गार झाला हे खरं, पण आता माईकमध्ये पंख्याची घरघर येते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. बरं, 'टक्' गेली म्हणावं तर तीही पूर्ण गेली नाही.

घरच्या घरी एवढंसं सामान वापरणाऱ्याला वेगळं थंड करण्याची व्यवस्था खरंच लागते का? की हे तापणं नेहमीचंच आहे आणि मी उगाच घाबरतेय? जाणकारांनी सांगावं.

खर्जातला

माझाही तापतो. कित्येक वर्षं तापतोय आणि कित्येक वर्षं चालतोय. तापण्याची काळजी सोडा. ती 'टक्' मात्र चांगली नाही. वाचतोय.

कथिल

पंखा काढून ठेवा. सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे दुरुस्तीला सामान घेऊन येणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात आणि निम्मे लोक उत्तर ऐकायच्या आत पंखा घेऊन मोकळे झालेले असतात.

आधी हिशोब. कुठलंही यंत्र जेवढी वीज घेतं त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकू शकत नाही. यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३ असेल तर ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. यातलं हेडफोनकडे जातं ते मिलिवॉटांत मोजण्याइतकं. बाकी झाडून सगळ्याची उष्णता होते. तुम्ही वाचा किंवा गप्प बसा, तिला फरक पडत नाही. आतले कन्व्हर्टर, प्रीअँपचे भाग, ५ व्होल्टांचे ४८ करणारं सर्किट, हे सगळे सारखे चालूच असतात. ४८ व्होल्टचा बाऊही करू नका. नियमाप्रमाणे एका माईकला फार तर १० मिलिअँपिअर द्यायचे असतात, बहुतेक माईक त्याहून बरेच कमी घेतात. म्हणजे जास्तीत जास्त अर्धा वॉट, वर रूपांतरात गळेल ते. दोन परिच्छेदांच्या मध्ये ते बटण बंद-चालू करणारे लोक मी पाहिलेत. त्यातून गारवा काही मिळत नाही, माईकला आणि कानाला धक्के मात्र बसतात.

तर तीन-चार वॉट. एवढ्याने तळहाताहून थोडी मोठी धातूची पेटी खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर जाते आणि तिथे थांबते, कारण तेवढ्या फरकाला आत तयार होणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी होते. पेटी गरम लागते याचा अर्थ उष्णता आतून बाहेर येतेय. त्यासाठीच तर ती धातूची केलेली असते. शिवाय धातू हाताला आहे त्यापेक्षा जास्त गरम भासतो. तेवढ्याच तापमानाचं प्लॅस्टिक तुम्ही खुशाल धरून बसाल.

पण 'हात आपोआप मागे येतो' हे साडेचार वॉटांचं काम नव्हे. त्याचा जाब खाली बसलेल्या ट्यूब प्रीअँपला विचारा. त्यात १२एएक्स७ जातीची ट्यूब असेल तर नुसता तिचा फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टला ०.३ अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास दोन वॉट, आणि ते तिला घ्यावेच लागतात. तापल्याशिवाय ट्यूब चालतच नाही. वर त्याचा रेग्युलेटर, जो जास्तीचे व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो, आणि बाकीचं सर्किट. या सगळ्याची गरम हवा वर जाते, आणि वर तुम्ही झाकण म्हणून इंटरफेस ठेवलाय. त्याची हवा अडली, याला खालून शेक मिळाला. दोघांचंही नुकसान.

उष्णतेने खरोखर कोण म्हातारं होत असेल तर ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, सर्किटमधले वीज साठवणारे छोटे भाग. आतला द्रव हळूहळू सुकतो. त्यांच्या अंगावर कमाल तापमान छापलेलं असतं, ८५ किंवा १०५ अंश, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्या तापमानाला किती तास टिकेल ते दिलेलं असतं, समजा २,००० तास. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. पेटीच्या आत ६५ अंश धरा. १०५ वाल्याला चार पायऱ्या मिळाल्या, सोळापट, ३२,००० तास. रोज दोन तास वापरात चाळीसहून जास्त वर्षं. (कागदावरची वर्षं आहेत ही. तोवर बटणं ढिली होतील, सॉकेट हलायला लागतील आणि त्या इंटरफेसचं सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर चालायचं केव्हाच बंद झालेलं असेल.) पंखा लावून ३२,००० चे ६४,००० केलेत तर ते मोजायला कोण बसणार आहे?

हाच हिशोब ८५ वाल्याला लावला की मात्र सूर बदलतो. ६५ अंशांना ८,००० तास, ७५ ला ४,०००. रोज दोन तासांनी अकरा वर्षं आणि साडेपाच वर्षं. प्रीअँप खालून काढा म्हणतोय ते या दहा अंशांसाठी.

दोन्ही पेट्या शेजारी-शेजारी ठेवा, मध्ये चार बोटं जागा सोडा. जागा नसेलच तर टेबलाला एक फळी वाढवा. अगदीच इलाज नसेल तर ट्यूबवाला वर आणि इंटरफेस खाली, मध्ये उंच रबरी बुडं. वर कागद, पुस्तक, फडकं ठेवायचं नाही. मग तासाभराने मोजून इथे आकडे टाका. हाताला काय वाटतं त्यावर जाऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पेटीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखा. उघडी चकचकीत धातू त्या यंत्राला हमखास फसवते.

'टक्'बद्दल माझं मत अजून राखून ठेवतो. इंटरफेस तापल्यामुळे असा सुटा 'टक्' येणं मी फारसं पाहिलेलं नाही. तापून बिघडायचा तर तो पूर्ण अंतर्धान पावतो, म्हणजे संगणकाला दिसेनासा होतो, किंवा एकसारखा खरखरतो.

रिकामा_रॅक

कथिल यांच्याशी एरवी सहमत, पण 'पंखा काढा' हे सरसकट नको. माझ्याकडे नाव काहीही असलं तरी भरलेला रॅक आहे, म्हणजे यंत्रं एकावर एक बसवायचं कपाट. आठ चॅनेलचा इंटरफेस, दोन प्रीअँप, आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर आणि सगळ्यात वर हेडफोनचा मोठा अँप. मागचं दार लावून काम केलं की वरचा अँप स्वतःहून बंद व्हायचा, गार झाला की परत चालू. रॅकच्या माथ्याला १२० मिलिमीटरचा पंखा बसवला आणि तो प्रकार थांबला. तेव्हा काही जागी पंखा लागतो.

कथिल

@रिकामा_रॅक, तुमच्याकडे लागतो, वाद नाही. भरलेल्या बंद रॅकमध्ये प्रत्येकाच्या वॉटांची बेरीज होते आणि सगळ्यात वरचा गडी सगळ्यांची उष्णता पितो. तुमचा अँप बंद पडत होता ती बिघाडाची खूण नव्हती. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की स्वतःला वाचवण्यासाठी थांबणारं सर्किट आत असतं, ते काम करत होतं.

तरीही पंख्याच्या आधी एक गोष्ट करून पाहायची राहते. तापणाऱ्या यंत्राच्या वर एक खण, म्हणजे १यू, ४४.४५ मिलिमीटर, मोकळा सोडायचा आणि त्यावर जाळीची पट्टी लावायची. ज्यांची हवा बाजूंनी आत-बाहेर जाते त्यांच्या बाजू रॅकच्या फळीला चिकटवायच्या नाहीत. हे करून आणि मागचं दार उघडं ठेवून भागलं तर पंखा नकोच.

लावायचाच तर तुम्ही लावलात तसा: मोठा, माथ्याशी, हवा बाहेर खेचणारा, संथ. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, त्यामुळे मोठा पंखा संथ फिरवणं हे छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं. १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर चालवायचा. फक्त तेवढ्यावर तो थांबलेल्या अवस्थेतून सुरू होतो ना, हे बघून घ्यायचं. आणि हवा आत येते तिथे जाळी लावून ती साफ करायची, नाहीतर वर्षभराने पंखा सगळी धूळ आतल्या सर्किटवर अंथरून ठेवतो. धुळीचा थर स्वतःच उष्णता अडवतो.

पानउलटीताई, यूएसबीच्या पंख्याबद्दल आणखी एक. तुम्ही ऐकताय ती घरघर हवेतून येतेय असं तुम्ही धरून चाललाय. पंखा इंटरफेसच्याच यूएसबी हबला (एका पोर्टची अनेक करणारी डबी) जोडलेला असेल तर त्याच्या मोटरचा खडखडाट ५ व्होल्टच्या वायरीतूनही इंटरफेसमध्ये शिरू शकतो. पंखा खोलीबाहेर नेऊन, पण त्याच हबला जोडून ऐका. बारीक सूर उरला तर तो विजेतून येतोय.

गारवा

पंख्याचा आवाज नको असेल तर फ्रीजमधला जेलचा थंड पॅक रुमालात गुंडाळून इंटरफेसवर ठेवा. शून्य आवाज. व्हिडिओत पाहिलंय.

कथिल

@गारवा, कृपा करून हे कोणी करू नका. हवेत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २४ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. फ्रीजमधला पॅक त्याहून कितीतरी थंड. पाणी आधी रुमालात, मग पेटीच्या फटीत, आणि आत ४८ व्होल्ट. तापलेलं सामान मला दुरुस्त करता येतं. पाणी जाऊन हिरवं पडलेलं सर्किट खरवडायला घेतलं की त्यावरच्या तांब्याच्या रेघाही बरोबर निघून येतात.

पानउलटी

सगळ्यांचे आभार. भिंतीला फळी ठोकून घेतली, आता प्रीअँप तिच्यावर आणि इंटरफेस टेबलावर एकटा.

आकडे देते. खोली २९ अंश. जुन्या रचनेत, तासाभराने, इंटरफेसच्या वरच्या बाजूला ५१. नव्या रचनेत ३९. प्रीअँप ४६. आणि चिकटपट्टीचं सांगितलंत ते बरं झालं: इंटरफेसच्या उघड्या धातूवर तेच थर्मामीटर ३१ दाखवत होतं, दोन बोटं बाजूला पट्टीवर ३९! पट्टी नसती तर मी ३१ वर विश्वास ठेवून बसले असते.

पंखा खोलीबाहेर नेऊन ऐकला. घरघर गेली, सूर वगैरे काही उरला नाही. म्हणजे हवेतलीच होती.

आता इंटरफेसवर हात ठेवून निवांत बसता येतं. पण 'टक्' आहे तिथेच आहे. काल पाऊण तासानंतर सुरू झाली आणि शेवटच्या प्रकरणात तर जरा जास्तच.

बफर_भरला

लाकडी खोकं, आत फोम, वर झाकण. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय आणि आपण सगळे साडेचार वॉटांच्या मागे लागलोय.

लॅपटॉप काम करताना वीस-तीस वॉट सहज घेतो, जोर पडला तर आणखी. लाकूड आणि फोम दोन्ही उष्णता अडवण्यात पटाईत. तुम्ही त्याला रजई पांघरून पळायला लावलंय. त्याचा पंखा आतलीच गरम हवा परत परत ओढतोय. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. एरवी हे कळतही नाही, पान उघडायला क्षणभर जास्त लागतो इतकंच. रेकॉर्डिंगमध्ये मात्र कळतं. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर (आलेला आवाज संगणकाने उचलेपर्यंत साठवायची जागा) ठेवला असेल तर दर २.६७ मिलिसेकंदांनी आलेला माल उचलून ठेवावाच लागतो. एकदा उशीर झाला की तेवढा तुकडा गळतो आणि दोन टोकं एकमेकांना जुळत नाहीत. ती तुमची 'टक्'. पहिल्या अर्ध्या तासात येत नाही, कारण खोकं तापायला तेवढा वेळ लागतो.

खात्री करायची असेल तर त्या जागी तरंगाकृती पूर्ण मोठी करून बघा. तोंडातून येणारा 'चट्' आवाज, ओठ-जिभेचा, हा एक छोटासा झुपका दिसतो, वरखाली थरथरणारा. गळलेला तुकडा म्हणजे सरळ उभा कडा: रेघ चालता चालता एकदम दुसऱ्याच उंचीवर. वाचन करणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांत बसवून घ्यावं. अनेकजण मशीनच्या 'टक्'साठी पाणी पीत बसतात.

मग एका वेळी एकच बदल करा. आधी फक्त झाकण काढा, बाकी सगळं तसंच. प्रोसेसरचं तापमान आणि वेग दाखवणारं एखादं छोटं सॉफ्टवेअर चालू ठेवा आणि वाचत सुटा.

पानउलटी

उभा कडा आहे! पाच ठिकाणी बघितलं, पाचही ठिकाणी तसाच. आणि मी खरंच पाणी पीत होते.

झाकण लावून: पन्नासाव्या मिनिटाला प्रोसेसर ९७ अंश, वेग २.८ गिगाहर्ट्झवरून १.१ वर, आणि दोन मिनिटांत पहिली 'टक्'. झाकण काढून पूर्ण बैठक केली, तापमान ७८ च्या वर गेलं नाही आणि एकही 'टक्' नाही. अर्थात लॅपटॉपचा पंखा आता सगळा माईकमध्ये. खोक्याला भोकं पाडू का? की खाली ठेवायचा तो कूलिंग पॅड घेऊ?

बफर_भरला

दोन्ही नको. पॅड म्हणजे आणखी दोन पंखे, आणि भोकातून हवा येईल तसा आवाजही येईल. (वाकडातिकडा फोमचा बोगदा करून आवाज अडवता येतो, पण मग हवेसाठी जोराचा पंखा लागतो. ते शेपूट लांबतच जातं.)

लॅपटॉप खोलीबाहेर काढा. यूएसबी २ ची वायर पाच मीटरपर्यंत चालते, इंटरफेस यूएसबी ३ चा असेल तर साध्या वायरीने तीन मीटरच्या आत राहा. दाराखालून किंवा चौकटीतून वायर आत. स्क्रीन-कीबोर्ड आधीच वेगळे आहेत तर तेही तसेच ओढता येतील.

आणि बफर वाढवा. तुम्ही स्वतःचा आवाज इंटरफेसमधूनच थेट ऐकत असाल तर ५१२ ठेवला तरी काही बिघडत नाही. १०.७ मिलिसेकंद मिळतात, संगणकाला चौपट सवड. छोटा बफर हा ज्यांना सॉफ्टवेअरमधून फिरून आलेला आवाज ऐकत वाजवायचं असतं त्यांच्यासाठी. आवाज स्वच्छ करणारे प्लगिन रेकॉर्डिंगच्या वेळी बंद, नंतर लावा.

पानउलटी

केलं. इंटरफेस यूएसबी २ चा निघाला, पाच मीटरची वायर दाराखालून, लॅपटॉप बाहेर स्टुलावर मोकळ्या हवेत. खोलीत इतकी शांतता झालीय की आता मला माझ्या खुर्चीची कुरकुर ऐकू येते. बफर ५१२.

कथिल, तुम्हाला दोन-तीन शेवटचे प्रश्न. इंटरफेस ३९ अंशांवर असताना मागची बारीक खरखर वाढते का? मला वाढल्यासारखी वाटते, कदाचित भास असेल. ट्यूबवाला कायम चालूच ठेवावा असं वाचलं, गार-गरम होण्याने जास्त बिघडतो म्हणून, ते खरं का? आणि सामान गार झालं पण मीच घामाघूम होते, त्याचं काय करावं?

कथिल

खरखरीचा भास आहे. रोध असलेल्या प्रत्येक वस्तूत उष्णतेमुळे सूक्ष्म गोंगाट असतो. जॉन्सन या शास्त्रज्ञाने तो मोजला आणि नायक्विस्ट या दुसऱ्याने त्याचं गणित मांडलं, दोघांचे लेख १९२८ सालचे. तो तापमानाप्रमाणे वाढतो हे खरं, पण ते तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजायचं. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन, ४५ म्हणजे ३१८. वाढ सात टक्के, डेसिबलमध्ये ०.२८. एवढा फरक कान पकडू शकत नाही. खोली शांत झाली म्हणून जी खरखर आधीपासून होती ती आता ऐकू येतेय, बाकी काही नाही. गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवायचा ते बटण, दोन पायऱ्या कमी करून माईकच्या जरा जवळ बसा, तेवढ्यानेच जाईल.

घाम हा मात्र तुमच्या स्टुडिओतला खरा उष्णतेचा प्रश्न आहे. निवांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकतो. इंटरफेस आणि प्रीअँप मिळून दहा-पंधरा वॉट. म्हणजे त्या खोलीतलं सगळ्यात तापणारं यंत्र तुम्ही आहात. दोन बाय दोन मीटर आणि अडीच मीटर उंची धरली तर दहा घनमीटर, म्हणजे बारा किलो हवा. ती एक अंशाने तापायला साधारण १२ किलोज्यूल लागतात. ११५ वॉटांनी ते पावणेदोन मिनिटांत होतं, भिंतींनी काहीच शोषलं नाही तर. भिंती शोषतात, म्हणून प्रत्यक्षात इतकं वेगाने वाढत नाही. पण तुमच्या भिंतींवर रजया आहेत. तेव्हा अर्ध्या तासाने उठायचं, दार सताड उघडायचं, बाहेरचा पंखा दाराकडे तोंड करून पाच-दहा मिनिटं लावायचा आणि बंद करून परत बसायचं. तेवढ्यात घशालाही विश्रांती. वाचन सुरू करायच्या आधी खोली गार करून घेता आली तर उत्तमच, फक्त गार हवेचा झोत थेट माईकवर येऊ देऊ नका.

दार उघडण्याचा दुसरा फायदा दमटपणाचा. बंद खोलीत तुमचा श्वास साठत जातो, आणि कंडेन्सर माईकच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या आतल्या भागाला, तापमानापेक्षा ओल जास्त सोसत नाही. दमट झाला की तो तडतडतो, हलकासा चुरचुरतो. माईकसमोरची जाळी यासाठीही उपयोगी आहे. काम झालं की माईक सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे त्या संपल्यात हे कळतं.

ट्यूब कायम चालू ठेवू नका. गार-गरम होण्याने जोड थकतात हे खरं आहे, पण रोज एकदा चालू आणि एकदा बंद हा काही छळ नव्हे. उलट चोवीस तास चालवलीत तर ट्यूबचे तास आणि कपॅसिटरचे तास दोन्ही बाराच्या पटीने खर्च होतात. वाचायच्या पंधरा मिनिटं आधी चालू करा, तेवढ्यात ती स्थिरावते. बंद करताना आधी गेन खाली, मग ४८ व्होल्ट, मग अर्धा मिनिट थांबून माईकची वायर. प्रीअँप बंद केल्यावर लगेच उचलून हलवू नका, गरम ट्यूबला धक्का सोसत नाही.

बाकी तुमच्या सामानाला विकत घेऊन बसवायचं असं काही नाही. ३९ अंश म्हणजे उत्तम चाललंय.

रिकामा_रॅक

ज्यांच्याकडे आवाज ऐकायला अँप असलेले स्पीकर आहेत त्यांच्यासाठी एक पुरवणी: मागे पंखांसारखा धातूचा भाग असेल तर तो उष्णता काढण्यासाठी आहे. भिंतीपासून निदान एक वीत सोडा आणि त्याच्या मागे फोम कोंबू नका.